खुली स्पर्धा म्हणजे कोणाला खुली? मुंबईचं बुद्धिबळ आणि माझा फसलेला आलेख

सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या प्रत्येकाला एक मोह होतो. आकड्यांची तयार यादी कुठेतरी हाती लागते आणि वाटतं, चला, निदान एक प्रकरण तरी सुटलं. मलाही तसंच वाटलं होतं. आज त्या मोहाची गोष्ट सांगते. ती सांगता सांगता माझा विषयही सांगून होईल आणि तुमच्या विषयात पाय कुठे घसरू शकतो याचाही अंदाज येईल.

माझा विषय आहे मुंबईतल्या खुल्या बुद्धिबळ स्पर्धा आणि त्यांत खेळणारी माणसं, साधारण १९७० ते २०००. यात विश्वनाथन आनंद मुख्य पात्र नाही. मुख्य पात्रं आहेत ती शनिवार-रविवारी लोकल पकडून कुठल्यातरी शाळेच्या हॉलमध्ये पोचणारी, डबा आणि पेन घेऊन बसणारी, सोमवारी परत कामावर जाणारी माणसं. बक्षीस मिळेल म्हणून यातले फार थोडे येतात. मग का येतात? आणि या शहरात असं खेळणारे किती होते? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी द्यावं, असं मी ठरवलं. तिथेच घोळ झाला.

आलेख कसा फसला

आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघ, म्हणजे फिडे, खेळाडूंच्या रेटिंगची यादी काढतो. ही पद्धत अर्पाद एलो या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकन भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाची. अमेरिकेच्या संघटनेने ती १९६० मध्ये स्वीकारली, फिडेने १९७० मध्ये. मी या याद्यांमधली भारतीय नावं मोजली. यादीत देश असतो, शहर नसतं. त्यामुळे मुंबईची नावं वर्तमानपत्रांतल्या निकालांशी ताडून एकेक करून वेगळी काढली. काही महिने गेले. शेवटी आलेख काढला तेव्हा रेषा बराच काळ जमिनीलगत होती आणि १९९० च्या दशकात वर चढली होती.

कारण तर समोरच होतं! आनंद १९८८ मध्ये भारताचा पहिला ग्रँडमास्टर झाला. १९९५ मध्ये न्यूयॉर्कला कास्पारोव्हशी जगज्जेतेपदाचा सामना खेळला. २००० मध्ये जगज्जेता झाला. म्हणजे आनंदमुळे पोरं पटाकडे वळली आणि शहरात खेळाडू वाढले. मी पंधरा पानं लिहून टाकली.

गाईड मॅडमनी ती वाचली आणि एकच प्रश्न विचारला, "या यादीत शिरायला किती उंची लागते?"

मला ठाऊक नव्हतं. शोधलं तेव्हा कळलं की यादीला तळ असतो. त्या आकड्याच्या खाली रेटिंग असेल तर नाव छापलंच जात नाही. बरीच वर्षं हा तळ २२०० होता. २२०० म्हणजे तुमच्या जिल्ह्यातला सर्वांत पक्का खेळाडूही कदाचित खालीच राहील, इतका वर. १९९३ मध्ये तो २००० वर आणला. पुढे टप्प्याटप्प्याने उतरत २०१२ मध्ये १००० झाला. म्हणजे माझ्या आलेखातली रेषा वर चढली त्यात माणसं किती वाढली आणि दार किती खाली सरकलं, हे त्या रेषेवरून सांगताच येत नव्हतं.

त्याआधीच्या काळात माझी माणसं अस्तित्वातच नव्हती, असं ही यादी सांगते. प्रत्यक्षात ती दर शनिवारी खेळत होती.

आनंदचा परिणाम झालाच नाही, असं मी म्हणत नाही. झाला असेल, बराच झाला असेल. पण माझ्या पुराव्यातून ते सिद्ध होत नव्हतं, आणि संशोधनात या दोन गोष्टींमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो. पंधरा पानं बाजूला ठेवली.

हाच सापळा आजच्या याद्यांमध्येही आहे. मार्च २०२४ मध्ये फिडेने तळ पुन्हा १४०० वर नेला आणि २००० च्या खालच्या सगळ्यांना एकदाच वाढीव गुण दिले. हिशेब सोपा आहे. तुमचं रेटिंग २००० पेक्षा जितकं कमी, त्या फरकाचे ४० टक्के मिळवायचे. १५०० वाल्याचा फरक ५००, त्याचे ४० टक्के २००, म्हणजे तो रातोरात १७०० झाला. वीस वर्षांनी कोणी फेब्रुवारी आणि मार्चच्या याद्या शेजारी ठेवल्या आणि हा नियम त्याला माहीत नसला, तर तो लिहील की त्या महिन्यात जगभरातले हौशी खेळाडू अचानक सुधारले!

खुली स्पर्धा चालते कशी

आता जरा मागे जाऊ. 'खुली' हा शब्द समजायला स्पर्धेची यंत्रणा समजून घ्यावी लागते.

समजा शंभर जण खेळायला आले. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं म्हटलं तर ९९ फेऱ्या आणि ४,९५० डाव होतात. रोज दोन फेऱ्या ठेवल्या तरी पन्नास दिवस. म्हणून अशा साखळी स्पर्धा दहा-बारा निमंत्रितांपुरत्याच घेता येतात. बाद पद्धत ठेवली तर काम लवकर उरकतं, पण पहिल्या फेरीत हरलेले पन्नास जण दुपारीच घरी जातात. विरारहून सकाळी निघालेल्या माणसाने एका डावासाठी का यावं?

यातून वाट काढली स्विस पद्धतीने. १८९५ मध्ये झुरिचच्या स्पर्धेत ती पहिल्यांदा वापरली गेली, म्हणून हे नाव. नियम असा की हरला तरी कोणी बाहेर जात नाही. पुढच्या फेरीत साधारण सारखे गुण असलेल्यांच्या जोड्या लावायच्या आणि तीच जोडी पुन्हा लावायची नाही. नऊ फेऱ्यांत शंभर जणांचे ४५० डाव होतात आणि विजेताही ठरतो. दोघांचे गुण सारखे झाले तर प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांची बेरीज बघतात. या बेरजेला बुखोल्झ म्हणतात. "गुण सारखेच होते, बुखोल्झमध्ये गेलो," हे वाक्य बक्षीस समारंभाच्या दिवशी कुठल्याही हॉलबाहेर ऐकू येतं.

या पद्धतीचा इतिहासकाराला महत्त्वाचा वाटावा असा परिणाम पहिल्या फेरीत दिसतो. खेळाडू ताकदीच्या क्रमाने लावून यादीचे दोन भाग करतात आणि वरच्या भागातल्या पहिल्याला खालच्या भागातल्या पहिल्याशी बसवतात. शंभर जण असतील तर पहिल्या क्रमांकासमोर एक्कावन्नावा. म्हणजे एखादा बँकेतला कारकून राष्ट्रीय पातळीवरच्या खेळाडूसमोर, त्याच टेबलावर, तेवढ्याच वेळाच्या घड्याळासह बसतो. किती खेळांमध्ये हे घडतं? मैदानावरच्या खेळात हौशी माणसाला असा सामना मिळणं कठीण.

मौखिक इतिहास करणार असाल तर इथे सावध राहा. मी ज्या जुन्या खेळाडूंशी बोलले, ते जवळजवळ सगळे पहिल्या फेरीचीच गोष्ट सांगतात. "मी अमक्याशी चाळीस चालींपर्यंत टिकलो होतो." ही आठवण बहुधा खोटी नसते. पण उरलेल्या आठ फेऱ्यांत ते आपल्याच ताकदीच्या माणसांशी झुंजत होते, आणि खरी चुरस तिथे होती. ते डाव कोणी सांगत नाही, कारण समोरच्याचं नाव ऐकून श्रोत्याचे डोळे मोठे होत नाहीत. म्हणून आता मी मुद्दाम विचारते, "आणि चौथ्या फेरीत?" माणूस थांबतो, आठवतो, आणि मग खरी मुलाखत सुरू होते.

कोणासाठी खुली?

फॉर्म भरताना 'ओपन' हा शब्द आपल्या कानाला वेगळाच ऐकू येतो. बुद्धिबळातही तो वाटतो तितका सरळ नाही. एका अर्थाने खुली म्हणजे निमंत्रण लागत नाही, शुल्क भरा आणि बसा. दुसऱ्या अर्थाने खुला गट म्हणजे महिला गट नव्हे तो, आणि त्यात स्त्रियाही खेळू शकतात. आज हे आपल्याला उघड वाटतं. तसं ते नेहमीच उघड नव्हतं, आणि याचं एक मोठं प्रकरण थेट मुंबईशी जोडलेलं आहे.

महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ मध्ये बंगळूरला झाली. ती मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी जिंकली. पुढची जवळजवळ दहा वर्षं हे विजेतेपद वासंती, जयश्री आणि रोहिणी या तीन बहिणींमध्येच फिरत राहिलं. यांतल्या धाकट्या रोहिणी १९७६ मध्ये, तेरा वर्षांच्या असताना, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या. असं करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. त्यावरून मोठा वाद झाला आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. अखेर फिडेचे तेव्हाचे अध्यक्ष, माजी जगज्जेते मॅक्स युवे यांनी निर्णय दिला की राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांना वगळता येणार नाही. १९८१ मध्ये हैदराबादला रोहिणी आशियाई महिला विजेत्या झाल्या.

ही गोष्ट सहसा 'लहान वयातलं धाडस' म्हणून सांगितली जाते. धाडस होतंच. पण तिला रेटिंगच्या इतिहासाशेजारी ठेवून बघा, दुसरंच काही दिसतं.

एलोचं गणित तुलनेवर चालतं. तुमचा आकडा म्हणजे तुमची ताकद नव्हे, तुम्ही ज्यांच्याशी खेळता त्यांच्या तुलनेतली तुमची जागा. दोघांत ४०० गुणांचा फरक असेल तर वरच्याने अकरा डावांत साधारण दहा गुण मिळवावेत, अशी अपेक्षा असते. आता दोन गट असे कल्पून पाहा, जे एकमेकांशी कधीच खेळत नाहीत. दोन्हींत २१०० वाले आहेत. ते सारखे आहेत का? सांगता येणार नाही. दोन विहिरींच्या पाण्याची पातळी आपापल्या काठावरून मोजली, तर त्या आकड्यांवरून कुठलं पाणी उंच हे कळत नाही.

फिडेला हा प्रश्न १९८६ च्या अखेरीस भेडसावला. स्त्रिया बहुतेक स्त्रियांशीच खेळतात, त्यामुळे त्यांचे आकडे उरलेल्यांच्या तुलनेत कमी राहिलेत, असा युक्तिवाद झाला. मग यादीतल्या स्त्रियांना सरसकट १०० गुण वाढवून दिले. अपवाद एकच, हंगेरीची सुसान पोल्गार. का? ती पुरुषांबरोबर खेळत होती, म्हणून तिचं रेटिंग आधीच बरोबर आहे, असं म्हटलं गेलं. जानेवारी १९८७ च्या यादीत तिचा महिलांमधला पहिला क्रमांक गेला. जी मिसळून खेळली, तिलाच फटका बसला.

आता १९७६ कडे परत या. तेरा वर्षांच्या मुलीला पुरुषांच्या स्पर्धेत बसू द्यायचं की नाही, हा वाद एका खुर्चीपुरता नव्हता. त्या खुर्चीवर बसल्याशिवाय तिची ताकद त्याच मोजपट्टीवर मोजलीच जाणार नव्हती. खुली स्पर्धा ही दोन विहिरी जोडणारी वाट आहे. दार बंद असेल तर आत काय आहे हे बाहेरच्यांना कळत नाही, आणि मग "त्या कमकुवतच आहेत" हे विधान कोणी तपासूच शकत नाही.

इथे साधनांबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. खाडिलकर बहिणी 'नवाकाळ'कार नीलकंठ खाडिलकर यांच्या कन्या. गिरगावातलं हे दैनिक नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी १९२३ मध्ये सुरू केलं. म्हणजे त्या काळच्या मुंबईतल्या महिला बुद्धिबळाचा अभ्यास करताना एक महत्त्वाचं वर्तमानपत्र आणि खेळाडूंचं घर एकच आहे. म्हणून ते साधन टाकून द्यायचं का? अजिबात नाही. घरातल्या माणसाला जे तपशील माहीत असतात ते बाहेरच्याला नसतात. फक्त तीच बातमी दुसऱ्या दोन वर्तमानपत्रांत कशी आली आहे ते बघायचं, आणि आपण ही ताडणी केली हे प्रबंधात स्पष्ट लिहायचं.

कागदाचं वय कसं ठरवायचं

आता तुमच्या कामी येईल अशी एक युक्ती सांगते. तिची मर्यादाही सांगते.

माझ्या संग्रहात डावांच्या नोंदींच्या बऱ्याच वह्या आहेत. अनेकांवर तारीख नाही. मग वय कसं ठरवायचं? डाव लिहिण्याच्या पद्धतीवरून. पूर्वी इंग्रजी वळणाच्या बुद्धिबळात राजाचं प्यादं दोन घरं पुढे गेलं की 'पी-के४' असं लिहीत. आज आपण 'ई४' लिहितो. फिडेने १९८१ पासून फक्त ही दुसरी, बीजगणिती पद्धत ग्राह्य धरली. तेव्हा 'पी-के४' दिसलं की कागद १९८१ च्या आधीचा, असा नियम मी करून टाकला.

महिनाभराने एका वहीत 'पी-के४' च्या शेजारीच नंतरच्या काळातल्या स्पर्धेचं तिकीट चिकटवलेलं सापडलं. त्या गृहस्थांना विचारलं तर म्हणाले, "अगं, स्पर्धेच्या कागदावर नवीन पद्धत, घरच्या वहीत आपली जुनी. हाताला सवय होती ना!" नियम बदलला म्हणून हात बदलत नाही. बीजगणिती नोंद दिसली म्हणून कागद नंतरचाच, असंही नाही, कारण ती पद्धत इतर देशांत आधीपासून रुळलेली होती. म्हणजे नोंदीची पद्धत पुरावा आहे, पण एकट्याने निकाल देणारा नाही. शाई, कागद, प्रतिस्पर्ध्याचं नाव, घड्याळाचा उल्लेख, सगळं मिळून बोलायला लागलं की मग वर्ष लिहायचं, आणि तरीही 'सुमारे' लिहायचं.

नियम बदलतो पण हात लगेच बदलत नाही, ही गोष्ट या शहरात जुनीच आहे. १८१४ मध्ये मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचं बुद्धिबळावरचं एक पुस्तक इंग्रजीत निघालं. मूळ संस्कृतातल्या या संग्रहाच्या इंग्रजी शीर्षकातच, तो युरोपीय खेळाच्या रीतीला जुळवून घेतल्याचं म्हटलं आहे. म्हणजे दोन रीती आहेत आणि त्यांची सांगड घालावी लागते, याची जाणीव तेव्हाच होती. तरीही प्यादं पहिल्या चालीला एकच घर चालवणारी देशी पद्धत घराघरांत पुढे दीड शतक टिकून राहिली. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ १९५१ मध्ये स्थापन झाला. १९५५ मध्ये एलुरूला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तिचं विजेतेपद रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या यांच्यात विभागून गेलं. माझ्या मुलाखतींतले अनेक जण सांगतात की आजोबांकडून एक खेळ शिकलो आणि स्पर्धेला गेल्यावर दुसराच निघाला.

मग प्रकरणाचं काय झालं

आलेख मी फाडला नाही. प्रबंधात ठेवला आहे, पण आता तो 'खेळाडूंची वाढ' म्हणून नाही. 'कोण कधी दिसू लागलं' असं त्या प्रकरणाचं नाव आहे. प्रश्न बदलला. यादीत येण्यासाठी रेटिंग असलेल्यांशी खेळावं लागतं, आणि रेटिंग नसलेल्याशी खेळलेला डाव रेटिंग असलेल्याच्या हिशेबात धरलाच जात नाही. ग्रँडमास्टरच्या किताबासाठी तर वेगवेगळ्या देशांचे, किताब मिळवलेले प्रतिस्पर्धी लागतात. ते आपल्या शहरात येणार नसतील तर आपण परदेशी जायचं, आणि तो खर्च कोण करणार? आनंदनंतर दिब्येंदू बरुआ १९९१ मध्ये ग्रँडमास्टर झाले, आणि मुंबईचे प्रवीण ठिपसे १९९७ मध्ये तिसरे. ठिपसेंनी १९८५ मध्येच राष्ट्रकुल विजेतेपद मिळवलं होतं. मधल्या बारा वर्षांकडे केवळ त्यांच्या खेळाचा आलेख म्हणून पाहायचं, की आपल्या अंगणात तशा स्पर्धा किती होत्या याचाही आलेख म्हणून? हा प्रश्न मला त्या पंधरा पानांपेक्षा जास्त मोलाचा वाटतो.

तुमच्याही विषयात अशी एखादी यादी असेलच. मतदारांची, विद्यार्थ्यांची, सभासदांची, पुरस्कार मिळालेल्यांची. ती उघडलीत की आधी आतली नावं मोजू नका. तिचा तळ कुठे आहे, तो कोणी ठरवला, कधी हलवला, हे आधी शोधा. ते एका पानावर लिहून काढा आणि ते पान भिंतीला चिकटवा.

शेवटी एक तातडीची गोष्ट. स्पर्धेत डाव लिहायच्या कागदाखाली कार्बनसारखी दुसरी प्रत असते. वरची आयोजकांकडे जाते, खालची खेळाडूकडे राहते. वरच्या प्रती कोणी जपून ठेवल्याचं मला अजून तरी कुठे आढळलेलं नाही. म्हणजे यादीच्या तळाखालच्या मुंबईचा जो काही इतिहास आहे, तो खालच्या प्रतींमध्ये, लोकांच्या घरातल्या माळ्यांवर आहे. आणि आत्ता या शहरात इमारतीमागून इमारत पुनर्विकासाला जातेय. घर रिकामं करताना माळा सगळ्यात आधी उतरवतात आणि रद्दीवाला दारातच उभा असतो.

'पी-के४' वाल्या काकांची इमारतही आता रिकामी व्हायची आहे. परवा त्यांचा फोन आला. म्हणाले, "अजून दोन खोकी सापडलीत गं. मुलगा म्हणतोय देऊन टाका. रविवारपर्यंत थांबवलंय त्याला." रविवारी सकाळची लोकल धरून जाते आहे. तुमच्या घरी, शेजारी, ओळखीत अशी एखादी वही असेल, तर निदान तिच्या पानांचे फोटो काढून ठेवा. डाव कसा खेळला गेला ते तुम्हाला कळलं नाही तरी चालेल. तो खेळला गेला होता, एवढं तरी उरेल.